साहेबांचं पिंप

आमच्या गोदामातला टेलिफोन काळा आहे, बोट घालून फिरवायचा. बाकी कारखान्यात बटणांचे आले. नवे मालक आले, पाटी बदलली, भिंतींचा रंग बदलला, संडासाची दारंसुद्धा बदलली. पण हा फोन काढायला जो माणूस आला, त्याला मी हातातला पाना दाखवला.

"काका, जुना झालाय हो."

"मी पण जुना झालोय. मला बदलतोस?"

हसला आणि गेला बिचारा. फोन बदलला की नंबर बदलणार होता, आणि माझ्या बहिणीला हा एकच नंबर पाठ. आता हे त्या माणसाला कुठं सांगत बसू?

बहीण माझी नऊ वर्षांनी लहान. नाव काही का असेना, घरात सगळे तिला बारकी म्हणायचे. आईबाप लवकर गेले, तिला मीच वाढवलं म्हणा, किंवा तिनं मला. तिचा नवरा जहाजावर, आठ-आठ महिने पाण्यात. त्यामुळं ती आणि तिची पोरगी, दोघीच. घराखालच्या दुकानात फोन होता. रोज साडेबाराला जेवणाची घंटा झाली की आमचा फोन वाजायचा.

"दादा, जेवलास?"

"अगं घंटा आत्ता झाली. हात तरी धुऊ दे."

"मग धू. मी धरते."

आणि खरंच धरायची. दुकानदार मागून ओरडायचा तरी धरायची.

पोरगी चार वर्षांची. पिटुकली म्हणायचो आम्ही. तिला मामाशी बोलायचं नसायचंच मुळी, तिला पिंप ऐकायचं असायचं. रिकामं लोखंडी पिंप आडवं करून पायानं ढकललं की गोदामात असा गडगडाट होतो, छपरावरची कबुतरं उडतात. मी फोन खाली लोंबता सोडायचो आणि पिंप लोटायचो. परत फोन कानाला लावला की पलीकडं नुसतं हसू. तोंड उघडं टाकून हसलेलं हसू. ते अजून ऐकू येतं मला. कधी फोन उचलायला गेलो, की वाजण्याच्या आधीच येतं.

आता कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही खोकल्याचं औषध बनवतो, पोरांचं, बाटलीतलं. त्यात जे घट्ट गोड असतं ना, ते ग्लिसरीन. ते पिंपांतून यायचं, एका खेपेला वीस पिंपं. पिंपं उतरवायची, लावायची, उघडायची, हे माझं काम. तपासायचं काम साहेबांचं. तपासणीवाले साहेब म्हणजे काडीसारखे, उजवा खांदा धरलेला, आणि अंगात रोज पांढरा शर्ट, अशी इस्त्री की कडेनं भाजी चिरावी. नियम असा होता, की विसातलं एक पिंप उघडायचं, नळी घालून थोडं काढायचं, तपासायचं. एक चांगलं निघालं की वीस चांगली. तेव्हा सगळीकडं असंच चालायचं. आम्ही काही वेगळे नव्हतो.

पण पिंपाचं बूच म्हणजे काय वाटलं तुम्हाला? ग्लिसरीन सांडून सुकलेलं असतं, त्यावर धूळ, असं घट्ट बसतं की पाना वाकतो. पहिल्यांदा साहेब स्वतः उघडायला गेले. खांदा कळवळला, बूच निसटलं, बाहीवर हा एवढा डाग. मला वाईट वाटलं. घरी त्यांची बायको तो डाग घासणार. म्हणून पुढच्या खेपेपासून मी काय केलं, तर चांगल्या तोंडाचं एक पिंप निवडायचो, आदल्या संध्याकाळीच बूच ढिलं करून ठेवायचो, गरम पाण्याच्या फडक्यानं पुसायचो, आणि दाराशी दिव्याखाली आणून उभं करायचो. साहेब यायचे, दोन बोटांनी बूच काढायचे, नळी घालायचे, झालं.

"तू होतास म्हणून," म्हणायचे.

आम्ही त्याला साहेबांचं पिंप म्हणायचो. दोन वर्षं असं चाललं. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मला तर अभिमान होता.

ग्लिसरीन घेऊन यायचा तो टेम्पोवाला मोठा गोडबोल्या. पिंपं उतरवली की मी त्याला चहा पाजायचो. एकदा विचारतो, "ते एक पिंप असं नवरदेवासारखं का उभं केलंय?"

मी सगळं सांगितलं. खांदा, शर्ट, बायको, इस्त्री. साहेब पाना हातात धरतात तो कसा, त्याची नक्कलही करून दाखवली. तो हसला, मी हसलो. चहा संपला.

पुढच्या खेपेला टेम्पोतून पहिलं उतरलं ते पिंप धुतलेलं, पुसलेलं, बूच ढिलं. टेम्पोवाला म्हणाला, "तुमच्या साहेबांसाठी. आमच्या मालकांनी मुद्दाम पाठवलंय."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, "लेका, माणुसकी आहे तुमच्यात."

थाप मारली मी. ह्याच हातानं.

साहेबांनी तेच पिंप तपासलं, आणि त्या खेपेतल्या बाटल्या भरल्या. ज्यांची लेबलं तिरकी लागायची, त्या विकायच्या नाहीत, कामगारांना घरी न्यायला द्यायच्या, अशी पद्धत. आमचा मॅनेजर म्हणायचा, "लेबल वाकडं, औषध सरळ." पिटुकलीला खोकला झाला होता. मी एक बाटली उचलली आणि संध्याकाळी घरी जाताना बारकीकडं देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोन, पोरगी आणि बाटली दुकानात घेऊन.

"दादा, ही तोंडच उघडत नाही. दात आवळून बसलीय. चमच्यानं दातांचं दार ठोठावू का हिच्या?"

"थांब," म्हटलं, "फोन तिच्या कानाला लाव."

मी पिंप लोटलं. गडगड गडगड. पलीकडं ते हसू आलं, आणि हसताना तोंड उघडलं तेव्हा बारकीनं चमचा आत सरकवला. फोनवर म्हणाली, "गेलं! दादा, तू म्हणजे ना!"

तीन दिवस असं झालं, दिवसातून एकदा. दुपारी तिला पिंप हवं असायचं; बाकीचे चमचे पोरगी आपणहून घ्यायची, औषध गोडच होतं.

चौथ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. मग सूज आली. इस्पितळात नेली तर तिथं आणखी सात पोरं तशीच. डॉक्टरीणबाई प्रत्येक आईला एकच विचारत होती, घरात काय दिलंत, काय दिलंत. बारकीनं पिशवीतून बाटली काढली. शेजारच्या बाईनंही काढली. तिसरीनंही काढली. सगळ्या एकसारख्या, फक्त आमच्या बाटलीचं लेबल तिरकं.

सहाव्या दिवशी पिटुकली गेली. मी एवढंच सांगेन, आणखी सांगता येत नाही.

बाटल्यांत ग्लिसरीन नव्हतंच. दिसायला तसंच, चवीला तसंच गोड, पण इंजिन गार ठेवायच्या पाण्यात घालतात ते, स्वस्तातलं. मूत्रपिंडं जाळतं. कारखान्याला सील लागलं. पुरवठा करणाऱ्याच्या शेडवर पोलीस गेले तर शेड रिकामी, मालक पळालेला.

बारकी तेव्हा माझ्याच घरी होती. तिचा नवरा पाण्यात, परत यायला तीन आठवडे. ती माझ्याजवळ बसायची, माझं कोपर धरून, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. मला एका शब्दानं बोलली नाही. उलट मलाच सांगायची, "तुला काय माहीत होतं दादा? तू नेऊन दिलीस ती मायेनं." माझी बायको आत जाऊन रडायची. माझ्यापुढं मात्र ते ढिल्या बुचाचं पिंप सारखं येऊन उभं राहायचं, कारण मला कुठंतरी कळायला लागलं होतं.

चौकशी बसली. मोठा हॉल, लांब टेबल, पाण्याचे जग. टेबलामागं चौकशीच्या मॅडम, चष्मा नाकावर, आवाज चढवायच्या नाहीत. सगळ्या आया बसलेल्या. साहेब उभे होते, शर्ट तोच पांढरा पण इस्त्री नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "नियमाप्रमाणे एक पिंप तपासलंत?"

"तपासलं."

"ते चांगलं निघालं?"

"चांगलं निघालं. कागद आहेत."

"आणि उरलेली एकोणीस विषारी. विसात एक चांगलं, आणि नेमकं तेच तुमच्या हाताला लागलं?"

साहेब कागद पुन्हा चाळू लागले. मागून एक बाप ओरडला, "खोटं बोलतोय! तपासलंच नाही ह्यानं!" आणि सगळा हॉल उठला. साहेबांना काही कळत नव्हतं हो. खरंच कळत नव्हतं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यापुढं आहे, हिशोब चुकलेल्या पोरासारखा.

बारकी माझ्या शेजारी, कोपर धरून. ती त्या आयांना सांगत होती, "माझा दादा तिथंच कामाला आहे. तो खरं काय ते सांगेल."

मला गप्प बसता आलं असतं. कुणीही मला विचारलं नव्हतं. पिंपं लावणाऱ्याला कोण विचारतो? साहेब तुरुंगात गेले असते, आणि साडेबाराचा फोन राहिला असता. हे मी तिथं बसून तोलत होतो. खोटं कशाला बोलू, तोललं मी.

मग हात वर केला.

सगळं सांगितलं. दिव्याखालचं पिंप, गरम पाण्याचं फडकं, टेम्पोवाला, चहा.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे कोणतं पिंप तपासायचं, ते तुम्ही ठरवत होतात?"

"हो मॅडम."

"आणि ते माल पाठवणाऱ्याला माहीत होतं?"

"मीच सांगितलं. हसत हसत."

कोपरावरचा हात सुटला. मला बघायचीही गरज पडली नाही, तेवढी जागा गार पडली. बारकी उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारायला हवं होतं. तिनं हळू विचारलं, "तू फोनवर लोटायचास ते पिंप. ते त्याच खेपेतलं होतं?"

"माहीत नाही बारके. रिकामं होतं. रिकामी सगळी सारखीच."

तिनं मान हलवली आणि दोन खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेली. नवरा आल्यावर दोघं दुसऱ्या बंदराच्या गावी निघून गेली. कुठल्या, ते तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं.

साहेब सुटले, पण त्या कामात परत आले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "माझ्या बाहीची एवढी काळजी करायला नको होतीस रे." रागानं नाही म्हणाले. राग केला असता तर बरं झालं असतं.

पुढं कायदा आला. औषधात जाणारं प्रत्येक पिंप उघडायचं. वीस आली तर वीस, दोनशे आली तर दोनशे. प्रत्येकातून वेगळा नमुना, प्रत्येकावर वेगळी चिठ्ठी, चिठ्ठीवर उघडणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. माल मुळात कुठून आला त्याचा कागद. आणि तपासणारा समोर येईपर्यंत बुचाला कुणी हात लावायचा नाही, पुसायचंसुद्धा नाही. हे कलम माझ्यामुळं आलं, असं मॅडमनी मला स्वतः सांगितलं. मला वाचून दाखवलं, पण अशा भाषेत होतं की मी म्हटलं, "मॅडम, ह्यात मी कुठाय?" त्या म्हणाल्या, "सगळीकडं तुम्हीच आहात."

नव्या मालकांनी मला ठेवून घेतलं. पिंपं उघडायला माणूस लागणारच होता, आणि माझ्याइतका घाबरट माणूस त्यांना मिळाला नसता. मी कुठलंच पिंप पुसत नाही. तपासायला आता एक तरुण बाई आहे, तिच्या बाहीला रोज डाग पडतो. मी बघतो आणि गप्प बसतो.

बारकीला पत्रं पाठवली. मला लिहिणं जमत नाही, बायकोकडून लिहून घ्यायचो. उत्तर नाही. बायको म्हणाली, "माझं अक्षर बघून ती उघडतही नसेल. चार ओळी तुम्ही स्वतः खरडा की." चार कुठल्या, एकच ओळ लिहिली, अख्खी दुपार लागली. 'बारके, फोन तोच आहे.'

तेवढ्यासाठी पाना दाखवला होता त्या फोनवाल्याला.

नऊ वर्षं साडेबाराला मी गोदाम सोडलं नाही. डबा तिथंच खायचो, पिंपावर ठेवून. लोक म्हणायचे म्हाताऱ्याला माणसं नको झालीत. फोन वाजायचा, मी घास टाकून उठायचो, आणि तिकडून कुणी विचारायचं, "टेम्पो पोचला का?" मी एकदा एकाला इतकं झापलं की त्यानं मालकाकडं तक्रार केली.

आणि गेल्या महिन्यात मंगळवारी फोन वाजला. वेळसुद्धा ती नव्हती, सकाळचे दहा. मी तोंडात सुपारी ठेवून उचलला.

"गोदाम का?"

सुपारी गिळली मी.

"गोदामच," म्हटलं.

तिचा श्वास मला ओळखू आला. माणसाचा श्वास बदलत नाही.

"मुलगा आहे मला," ती म्हणाली. "चार वर्षांचा. खोकतोय. डॉक्टरांनी बाटली दिलीय." मग बाटलीवरचं नाव वाचलं, बॅचचा नंबर वाचला, एकेक आकडा सुटा सुटा. "चार दिवस झाले. मी देत नाहीये. नवरा ओरडतो, डॉक्टर ओरडतात. माझा हातच उचलत नाही."

"ती आमच्याकडची नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कारखान्याची आहे. पण कायदा सगळ्यांना तोच आहे. प्रत्येक पिंप उघडतात."

"कोण उघडतं?"

"असेल माझ्यासारखाच कुणीतरी."

"म्हणून तर विचारतेय."

लागलं. लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "तुझा नंबर दे. अर्ध्या तासात सांगतो."

ती थांबली. मला वाटलं ठेवणार. मग नंबर सांगितला. मी खडूनं समोरच्या भिंतीवर लिहिला, वीतभर मोठे आकडे. अजून पुसलेले नाहीत. पुसून बघावेत कुणी.

त्या कारखान्यातला गोदामवाला माझ्या ओळखीचा, तो पण माझ्याच वयाचा, बहिरट. त्याला फोन लावला आणि बॅच सांगितली.

"सकाळी सकाळी काय रे?" तो खेकसला. "तू काय सरकारी माणूस झालास का?"

"चिठ्ठ्या काढ. ग्लिसरीनच्या."

"तुला कशाला?"

"माझ्या भाच्याला द्यायचंय ते औषध."

त्यानं फोन आपटून ठेवला टेबलावर. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग शिव्या, मग कागद. परत आला तेव्हा आवाज मऊ होता. "सोळा पिंपं होती. सोळा चिठ्ठ्या आहेत. सोळाही मी उघडली, सही माझी. वाचू?"

"वाच."

"सोळाच्या सोळा?"

"वाच म्हटलं ना."

वाचल्या त्यानं. पिंप एक, नमुना, निकाल, सही. पिंप दोन. मी बोटं मोजत होतो. सोळा झाल्यावर मी विचारलं, "पुढं कुठलं ठेवलं होतंस?"

"पुढं-मागं आता कुठं असतं? सगळीच उघडायची तर पुढं ठेवून काय करू?" मग म्हणाला, "भाच्याला दे खुशाल. माझ्या नातीनं तीच घेतलीय."

मी बारकीचा नंबर फिरवला. चकती परत येईपर्यंत एकेक आकड्याला वर्ष गेल्यासारखं वाटत होतं. पहिल्याच घंटेला उचलला तिनं.

"सोळा पिंपं," मी म्हटलं. "सोळा उघडली. एकेक वाचून घेतलं. दे."

"तू असतास तर दिलं असतंस?"

ह्या वेळी मला उगाच तोंडदेखलं बोलायचं नव्हतं. त्या बहिरटाचा आवाज आठवला, ती कपाटाची कुरकुर आठवली. मग म्हटलं, "दिलं असतं. आधी मी एक चमचा घेतला असता, मग दिलं असतं."

"मी घेतलाय," ती म्हणाली. "परवाच. मला काही झालं नाही."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. बाटलीचं झाकण. चमचा. पोराचा आवाज, ठाम, "नाही!" बारकीचा आवाज. पुन्हा "नाही!" दात आवळले असणार. घराण्याचं आहे ते.

मग ती फोनवर आली. चमचा बाटलीला लागून वाजला. मग म्हणाली, "तिथं रिकामं आहे का एखादं?"

मी फोन तसाच लोंबता सोडला. पिंप आडवं करतानाच दोनदा निसटलं. नऊ वर्षांत मी एकही पिंप लोटलं नव्हतं, उचलून न्यायचो, कंबर गेली तरी उचलून न्यायचो. पाय लावला आणि सोडलं. गडगडत थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. कबुतरं उडाली. तपासणीवाली पोरगी नळी हातात घेऊन दारात येऊन उभी, तोंड उघडं.

फोन कानाला लावला. तिकडं शांत होतं. मग एका पोराचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळ, "काय पडलं?"

"मामा आहे तो," मागून बारकी म्हणाली. "आ कर."

चमचा दातांवर वाजला. गिळल्याचा आवाज आला. मग खोकला.

"मामा," पोरगं म्हणालं, "अजून एकदा पाड."